पाळी कोणाची?

वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागेवर उभ्या राहिलेल्या चाळीसमजली इमारतींमधली पहिली ५५६ घरं गेल्या वर्षी, १४ ऑगस्ट २०२५ ला, वाटली गेली. त्यातलं एक आमच्या आईचं. नारळ दोनदा फुटला होता, २०१७ ला एका सरकारच्या हातून आणि २०२१ ला दुसऱ्याच्या, त्यामुळे किल्ली पदराला बांधेपर्यंत आईचा कोणावरच विश्वास नव्हता. मी इकडे जर्मनीत, श्टुटगार्टला, ऑफिसच्या जिन्यात फोन धरून उभी. दादाने व्हिडिओ कॉल लावून फोन आईकडे दिला. म्हटलं आता हॉल दाखवेल, किचनचा ओटा दाखवेल, खिडकीतून खाली दिसणारी वरळी दाखवेल. आई तडक संडासात गेली. दार लोटलं, कडी लावली, काढली, परत लावली.

"बघ गो बाय, आतून लागते."

चाळीतल्या संडासांची कडी माझ्या आठवणीत कधी धड नव्हती. एका हाताने दार ओढून धरायचं, आणि बाहेर कोणी बादली आपटली की खाकरायचं. आई आता बहात्तर वर्षांची आहे. लग्न होऊन त्या खोलीत आली तेव्हा एकोणीसची होती. ट्रान्झिटमधली, म्हणजे नवी इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरातली, वर्षं सोडली तर तिचं सगळं आयुष्य एका हाताने दार धरून गेलं.

त्याच आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर वेगळीच रडारड सुरू झाली. पुण्याच्या आतेभावाने हातभर मजकूर टाकला. चाळीत दारं सताड उघडी असायची, एकमेकांच्या घरात मीठ-साखरेचं जाणं-येणं असायचं, आता टॉवरमध्ये शेजारचा मेला तरी वास येईपर्यंत कळणार नाही, मुलं परदेशात, म्हातारी माणसं लिफ्टमध्ये, संस्कार संपले. खाली हात जोडलेले आणि रडके चेहरे. हा आतेभाऊ चाळीत फक्त मे महिन्याच्या सुट्टीत यायचा, चार दिवस. बाणेरला त्याचा तीन बेडरूमचा फ्लॅट आहे. मी लिहिलं, "संडासच्या रांगेत किती वेळ उभा राहायचास तेपण लिही की." उत्तर आलं, "तुला तिकडे बसून काय कळणार?"

मी फोन उपडा ठेवला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, कारण ते अर्धं खरं आहे. कुठलं अर्धं, हे ठरवायला मला बरेच महिने लागले.

आमची खोली १६० चौरस फुटांची. सगळ्याच तेवढ्या. १९२० च्या दशकात तेव्हाच्या सरकारच्या विकास खात्याने, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून अशा २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधोमध अंधारा पॅसेज. खोलीत आजी, आई, बाबा, काका, दादा आणि मी. माणशी सत्तावीस चौरस फूटही येत नाही, आणि त्यातलं बरंचसं मोरीने, कपाटाने आणि आजीच्या पातेल्यांनी खाल्लेलं. आजी खानावळ चालवायची. चिपळूणकडचे गाववाले, बायकामुलं गावाला, स्वतः गिरणीत. अशा आठ-दहा जणांचं जेवण त्याच खोलीत शिजायचं. प्रेमा पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढून गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा आजीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावापुढे अंगठा उठवला. त्या निळ्या बोटाची गोष्ट ती मरेपर्यंत सांगत होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी वर्षाचीही झाले नव्हते. संपाबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं ऐकीव. एवढंच पाहिलेलं आहे की बाबांची गिरणी पुन्हा धड सुरू झाली नाही आणि ते एका सोसायटीत रात्रीचे वॉचमन झाले. काकाला दुसऱ्या गिरणीत काम मिळालं, तिसऱ्या पाळीचं.

पाळी हा शब्द आमच्या घरात दिवसातून पन्नास वेळा यायचा. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी; गिरणगावात घड्याळापेक्षा हेच. काका तिसऱ्या पाळीला, म्हणून रात्री त्याच्या जागेवर मी झोपायची. पहाटे तो आला की मला हलवून उठवायचा, आणि मी उठले की त्याच गोधडीत, त्याच उबेत तो आडवा व्हायचा. नळाची पाळी. पॅसेज धुवायची पाळी, दर आठवड्याला चार खोल्या. गणपतीत आरतीच्या तबकाची पाळी. आणि बायकांची ती दुसरी पाळी, तिच्याबद्दल कुजबुज. आजीच्या गावाला बायका चार दिवस बाजूला बसत. आमच्या खोलीत बाजूच नव्हती. मला पहिल्यांदा आली तेव्हा आजीने खोलीभर नजर फिरवली, एकदा मोरीकडे पाहिलं, एकदा कपाटाकडे, आणि म्हणाली, "जाऊ दे, पोळ्या लाट." आमच्या घरातला एक पिढीजात संस्कार त्या सकाळी जागेअभावी बुडाला. ग्रुपवर संस्कारांचा विषय निघाला की मला हटकून ते लाटणं आठवतं.

२००९ च्या पावसाळ्यात बाबा गेले. रात्री अडीचला छातीत दुखायला लागलं. दादा तोवर बदलापूरला राहायला गेलेला. घरात आई आणि मी. मी पॅसेजमध्ये येऊन नुसतं "अहो, कोणीतरी या" एवढंच ओरडले. मिनिटभरात चार पोरं आली, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बाबांना बसवून तिसऱ्या मजल्यावरून खाली नेलं, पाचवा टॅक्सी घेऊन फाटकात उभा होता. बाबा वाचले नाहीत, पण खाली न्यायला उशीर झाला असं मला कधी म्हणता येणार नाही. हे मी आतेभावाच्या बाजूने लिहून ठेवते.

त्याच्याही बाजूने आणखी एक. दुसऱ्या दिवशी कदमकाकूंनी एकेरी वहीचं एक पान फाडून आमच्या दाराच्या खिळ्याला अडकवलं. त्यावर लिहिलेलं: सोमवार सकाळ चहा ६४ नंबर. दुपार पिठलं-भात ६७. रात्री खिचडी ७०. मंगळवार सकाळ चहा ७२. असं तेराव्यापर्यंत. आणि समासात, बारीक अक्षरात: ७१ ला सांगू नये, सून बाळंतीण आहे.

ते पान माझ्याकडे आहे. पासपोर्टच्या फायलीत ठेवलंय, घडीवर फाटायला आलंय. मुंबईची आठवण आली की लोक म्हणे वडापाव आठवतात. मी ते पान काढून वाचते, आणि दर वेळी मला त्यात प्रेमाआधी हिशेब दिसतो. कोणाच्या घरी काय आहे, कोणाला झेपेल, कोणाला नाही, कोणाचा गेल्या वेळी नंबर लागला होता, हे सगळं त्या बाईच्या डोक्यात पक्कं होतं. दारं उघडी होती म्हणून पिठलं आपोआप आमच्या ताटात आलं नाही. कदमकाकूंनी पाळ्या लावल्या म्हणून आलं.

आणि त्या कागदावर नंबर खोल्यांचे असले तरी हात बायकांचे होते. ६४ नंबर म्हणजे ६४ नंबरमधली बाई, जी स्वतः सकाळी सहाला उठून दोन घरची धुणीभांडी करून यायची आणि मग आमचा चहा टाकायची. तेरा दिवसांत एकाही पुरुषाने किटली आणल्याचं मला आठवत नाही. पुरुषांनी खुर्ची उचलली. ती एकदाच उचलावी लागते.

आणि सगळी चाळ एक कुटुंब वगैरे जे म्हणतात, त्याबद्दल आईला विचारावं. १९७४ च्या जानेवारीत याच वरळीच्या चाळींत दलित पँथर आणि शिवसेनेच्या समर्थकांत दंगल पेटली, तेव्हा तिच्या लग्नाला दीड-दोन वर्षं झाली होती. गच्चीवरून दगड येत होते, ती सांगते. उघडी दारं ज्याच्या त्याच्या इमारतीपुरती उघडी होती. पुढच्या इमारतीतली मैत्रीण आमच्याकडे जेवायला आली की आजी तिच्यासाठी वेगळं ताट काढायची. मी सातवीत असताना त्यावरून भांडले, तेव्हा आजीने माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. मुद्दा असा की, आठवणी काढायच्या तर पितळेच्या त्या ताटासकट काढाव्यात.

मी २०१२ ला इथे आले. गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घेणाऱ्या एका विभागात काम करते. घर तिसऱ्या मजल्यावर, चाळीतल्यासारखंच, फक्त मजल्यावर दोनच दारं. आल्यावर पंधरा दिवसांनी सकाळी दार उघडलं तर बाहेरच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली. पाटीवर एक शब्द: केरवोखं. वोखं म्हणजे आठवडा. केर म्हणजे, तुम्ही ओळखलंत तेच, झाडलोट. श्वाबियन, म्हणजे इकडच्या भागातल्या, लोकांची ही जुनी प्रथा. तिचं मूळ शहराच्या १४९२ च्या नियमांपर्यंत नेतात, म्हणजे कोलंबस घरातून निघाला तेव्हापासून ही माणसं जिना झाडतायत. ज्याच्या दाराला पाटी त्याची पाळी. छोटी पाळी म्हणजे आपल्या मजल्याचा जिना, मोठी पाळी म्हणजे तळघर, अंगण, फुटपाथ आणि थंडीत बर्फ. झालं की पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. बोलायचं काही नाही. तेरा वर्षांत माझा आणि समोरच्या कुटुंबाचा सर्वात नियमित व्यवहार या पाटीचाच आहे.

आई २०१९ ला आली होती. तिसऱ्या दिवशी मी कामावरून परतले तर सगळा जिना, तळमजल्यापासून वरपर्यंत, पुसून लख्ख, आणि आमच्या उंबऱ्याशी तांदळाच्या पिठाची रांगोळी. तळमजल्यावरच्या आजी, वय तेव्हा पंच्याहत्तरच्या पुढे, दारात उभ्या. त्या रागावल्या नव्हत्या, गोंधळल्या होत्या. मला म्हणाल्या, "पण हा आठवडा तुमचा नाही." मी आईला सांगितलं. तिचा चेहरा पडला. "केर काढायलाही परवानगी लागते होय?" मग मी पाटी दाखवली, सगळी पद्धत समजावली. आईने पाटी उलटीसुलटी करून बघितली आणि हसायला लागली. "म्हणजे गिरणीच की गो. आणि केर तर आपलाच शब्द."

पण राहायला ती तयार नव्हती. बाल्कनीत बसून माणसं मोजायची. संध्याकाळी मला हिशेब द्यायची, "आज सात. त्यातली दोन कुत्र्याला घेऊन." नव्वद दिवसांचा व्हिसा होता, ती पासष्टाव्या दिवशी परत गेली.

"आईला तिकडे का नेत नाहीस?" हा प्रश्न दर दिवाळीला येतो. इथे २०२४ मध्ये कायदा बदलला आणि बाहेरून आलेल्या कुशल कामगारांना आईवडिलांना कायमचं आणायची वाट मोकळी झाली, पण ज्यांना पहिला निवास परवाना १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर मिळाला त्यांनाच. मी बारा वर्षं आधी आले, म्हणून मला नाही. लवकर आल्याची शिक्षा असते हे मुंबईच्या लोकलमध्येसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. आता खरं सांगायचं तर कायदा माझ्या बाजूने असता तरी आई आली नसती, आणि कायदा आडवा आहे म्हणून मला ग्रुपवर उत्तर द्यायला बरं पडतं.

त्या तळमजल्यावरच्या आजी गेल्या वर्षी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्या दवाखान्यात होत्या तेव्हा त्यांच्या पाळीचा आठवडा आला. कोणी बैठक घेतली नाही, कोणी कोणाला फोन केला नाही. जिना झाडलेला होता आणि पाटी पुढच्या दाराला गेली होती. आणि त्यांना भेटायला इमारतीतलं एकही माणूस गेलं नव्हतं. दोन्ही गोष्टी मी एकाच आठवड्यात पाहिल्या. परत आल्या तेव्हा मी डब्यात वरणभात घेऊन खाली गेले. त्यांनी दार अर्धवट उघडलं, डबा घेतला आणि विचारलं, "तुमचे किती पैसे झाले?" मला इतकं वाईट वाटलं की जिन्यात डोळ्यांत पाणी आलं. चार दिवसांनी दाराबाहेर डबा ठेवलेला, धुतलेला, आणि आत सफरचंदाच्या केकचे दोन तुकडे. शेजारच्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे त्यांना कोणत्या चाळीने शिकवलं असेल?

आता रोज सकाळी साडेसातला एक छोटी पांढरी गाडी येते. नर्स त्यांना अंघोळ घालते, पायमोजे चढवते, पंचवीस मिनिटांत जाते. १९९५ पासून इथे शुश्रूषेचा विमा सगळ्यांना सक्तीचा आहे. माझ्याही पगारातून दर महिन्याला कापला जातो. त्यांचा मुलगा हॅम्बुर्गला असतो, रविवारी फोन करतो. त्याला कोणी कुलांगार म्हणत नाही. २०२० पासून तर कायदाच असा आहे की मुलाचं वार्षिक उत्पन्न एक लाख युरोच्या वर असेल तरच सरकार आईबापाच्या शुश्रूषेचा खर्च त्याच्याकडे मागतं. आणि आपण, श्रावणबाळाच्या देशाने, २००७ ला कायदा केला की मुलं सांभाळत नसतील तर आईबापांनी न्यायाधिकरणाकडे जावं, महिना दहा हजारांपर्यंत पोटगी मिळेल. ज्या गोष्टीला आपण संस्कार म्हणून छाती फुगवतो तिच्यासाठी आपल्याला पोटगी लावावी लागली, हे माझ्या आतेभावाच्या मजकुरात नव्हतं.

म्हणून इथलं सगळं चांगलं असंही नाही. पंचवीस मिनिटांनंतर त्या आजींच्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणी बोलत नाही. मी रेडिओचा आवाज ऐकते. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीची स्वतःची खोली आहे, दारावर 'आधी वाजवा' असा जर्मन कागद आहे. लहानपणी मला नेमकं हेच हवं होतं. 'मी मोठेपणी कोण होणार' या निबंधात मी डॉक्टर लिहिलं होतं, पण मनात एक दार होतं, ज्यामागे कपडे बदलताना कोणाला तोंड फिरवायला सांगावं लागणार नाही. लेकीला दार मिळालं. ती परवा आजीला विचारत होती, "म्हणजे तुझ्या सगळ्या मैत्रिणी एकाच पॅसेजमध्ये राहायच्या? आणि रोज?" तिच्या तोडक्या मराठीतला हेवा मला स्पष्ट ऐकू आला. तिला अजून १६० चौरस फूट जमिनीवर आखून दाखवलेले नाहीत.

आता आईच्या नव्या घराची गोष्ट. ५०० चौरस फूट, लाद्या गुळगुळीत, कडी आतून लागणारी. घरं सोडतीने दिली. सोडत म्हणजे न्याय, कोणाची वशिलेबाजी नको, ते बरोबरच. पण सोडतीने आईला एकतिसाव्या मजल्यावर टाकलं आणि कदमकाकूंना एकोणिसाव्या, दुसऱ्या विंगमध्ये. काकूंना लिफ्टची भीती वाटते, आईचे गुडघे गेलेत. चाळ सिमेंटने मोडली असं ग्रुप म्हणतो. मला वाटतं ती त्या दिवशी मोडली जेव्हा ६४, ६७, ७० आणि ७२ चार मजल्यांवर विखुरले आणि यादी करणाऱ्या बाईला कोण कुठे राहतं हेच कळेना. मजलाच्या मजला एकत्र उचलून वर ठेवला असता तर चाळीसाव्या मजल्यावरही पिठलं पोचलं असतं.

आईने तिचा तिचा मार्ग काढलाय. मुख्य दार लिफ्टच्या वाऱ्याने आपटतं, म्हणून ती ते वरवंटा लावून उघडं ठेवते. पाटा गावाला गेला, वरवंटा एवढ्याच कामाला ठेवलाय. पहिल्या आठवड्यात वॉचमन येऊन सांगून गेला, "मावशी, दार लावून घ्या, चोऱ्या होतात." आई म्हणाली, "काय नेशील बाबा, गुडघ्याचं तेल?" आता तो अकराला चहाला येतो. संडासाची कडी मात्र ती घरात एकटी असली तरी लावते. मी हसले तर म्हणाली, "असू दे. मला लावायचीय."

दादाचं म्हणणं, घर भाड्याने द्यावं आणि आईला बदलापूरला न्यावं. भाडं चांगलं येईल, पोराचं इंजिनिअरिंग निघेल. ग्रुपवर त्यावरून दोन तट पडले. एक म्हणतो आईला एकटं ठेवणं पाप, दुसरा म्हणतो वरळी सोडणं मूर्खपणा. दादा म्हणतो, "एवढी वर्षं आईला मी सांभाळतोय." दादा माझा सख्खा भाऊ आहे आणि भला माणूस आहे, म्हणून हे लिहायला जड जातं: सांभाळते वहिनी. मंगळवारी आणि शनिवारी बदलापूरहून दादर, दादरहून बस, वरळी. साखर तपासायची, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरायच्या, दोन भाज्या चिरून फ्रिजमध्ये ठेवायच्या, पाचच्या आत परत, कारण नंतर गाडीत पाय ठेवायला जागा नसते. वहिनीची स्वतःची आई कोल्हापूरला आहे, अंथरुणाला खिळलेली. तिकडे कोणाची पाळी, हे ग्रुपवर कधी आलेलं नाही.

आणि माझं? मी पैसे पाठवते. दर महिन्याच्या तीन तारखेला, न चुकता. इथे केरवोखं करायचा कंटाळा असेल तर कंपन्या मिळतात. पैसे भरा, त्यांचा माणूस येऊन तुमच्या वाटचा जिना झाडून जातो. आमच्या इमारतीत दोन घरांनी तसं केलंय आणि मी त्यांना मनातल्या मनात नावं ठेवते. एका रविवारी, हातात झाडू आणि दाराला पाटी असताना, माझ्या लक्षात आलं की वरळीच्या बाबतीत मी त्यांच्यासारखंच तिसरं घर आहे. फक्त माझ्या कंपनीचं नाव वहिनी आहे, आणि तिला पगार नाही. इथे आईबापाची घरी शुश्रूषा करणाऱ्या माणसासाठी विम्यातून पैसे येतात, शुश्रूषेच्या गरजेच्या दुसऱ्या श्रेणीला २०२५ मध्ये महिना ३४७ युरो. त्यात घर चालत नाही, पण हे काम आहे एवढं तरी त्या कागदावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे तिच्या कौतुकाचा मजकूर मदर्स डेला येतो.

तर आतेभावाचं जे अर्धं खरं आहे ते हे. चाळ कशी होती ते मला चांगलं कळतं, त्याच्यापेक्षा जास्त. पण त्या खिळ्याला अडकवलेल्या कागदावर तेरा वर्षं माझा नंबर आलेला नाही, आणि ७१ नंबरसारखी समासात नोंद करावी असं माझ्याकडे कारणही नाही.

गेल्या महिन्यात मी साहेबांना विचारून मे-जूनमध्ये सहा आठवड्यांची रजा मंजूर करून घेतली, त्यातले तीन बिनपगारी. ग्रुपवर नाही टाकलं. वहिनीला वेगळा मेसेज केला: "१० मे ते २० जून मी वरळीत आहे. मंगळवार-शनिवार काहीच येऊ नका. कोल्हापूरला जायचं असेल तर जा." निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर नाही. मला वाटलं राग आला असेल, उपकार केल्यासारखं लिहिलं का आपण, मेसेज तीनदा वाचला. चाळीस मिनिटांनी आलं.

"नक्की ना ताई? मी महालक्ष्मीचं रिझर्वेशन करतेय. मग ऐन वेळी बदलायचं नाही हं."